नेव्हिगेटरचं बटण की काळी खिडकी? पायथनची पॅकेजं सांभाळायला काय बरं पडतं

परवा शिरपूरहून भाच्याचा फोन. "मामा, मी अ‍ॅनाकोंडा टाकेल आहे, पण वर्गातला एक जण म्हणतो नेव्हिगेटर काढून टाक, खरे लोक काळ्या खिडकीतच काम करतात, मग काढू का?" (अ‍ॅनाकोंडा म्हणजे पायथन ही भाषा आणि तिची पॅकेजं, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे, एकत्र देणारा संच. नेव्हिगेटर ही त्यातली बटणांची खिडकी, आणि काळी खिडकी म्हणजे कमांडा टाइप करायचं टर्मिनल.) हे खरे लोक कोण ते मला अजून कळलेलं नाही. मी स्वतः पहिलं वर्ष नेव्हिगेटरवरच काढलं आणि त्यातच मला एन्व्हायर्नमेंट म्हणजे नेमकं काय ते डोळ्याने दिसलं, त्यामुळे काढ असं एका शब्दात सांगवेना, आणि आता मी स्वतः ते महिन्यातून एखाद्या वेळेस उघडतो त्यामुळे ठेव असंही तोंडातून निघेना. संध्याकाळच्या बॅचला दर वेळेस हाच प्रश्न येतो म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी एन्व्हायर्नमेंट म्हणजे काय ते. आपल्याकडे ठिबक सगळ्यांना माहीत आहे. मोटर एकच, पण केळीचा व्हॉल्व्ह वेगळा, कपाशीचा वेगळा, केळीला सोडलेलं खत कपाशीत जात नाही. कॉम्प्युटरवर तसंच, एका कामाला पायथन ३.९ आणि जुनं पांडाज (तक्त्यातल्या डेटाचं पॅकेज) लागतं, दुसऱ्याला ३.१२ आणि नवं, तर दोघांचे व्हॉल्व्ह वेगळे करायचे. कोंडा (अ‍ॅनाकोंडातलं पॅकेजं टाकणारं साधन), वेनव्ह, यूव्ही ही सगळी मंडळी शेवटी तेवढंच करतात. नेव्हिगेटर हे कोंडाच्या वर बसवलेलं चेहरापट्टीचं काम आहे, आत हलतं ते कोंडाच. त्यामुळे बटण चांगलं का कमांड चांगली या भांडणात अर्धा दम तिथेच संपतो.

आता नेव्हिगेटर जवळून बघू. उघडलं की डावीकडे होम आणि एन्व्हायर्नमेंट्स. दुसऱ्यावर गेलं की डाव्या बाजूला तुमच्या सगळ्या एन्व्हायर्नमेंटची नावं एकाखाली एक, वर बेस (सोबत आपोआप आलेली मूळ एन्व्हायर्नमेंट), आणि उजवीकडे त्यातली पॅकेजं, व्हर्जनसकट. वरच्या पट्टीत निवडायचं की टाकलेलीच दाखव, न टाकलेली दाखव, का अपडेट करण्याजोगी दाखव. नावाशेजारच्या बाणावर क्लिक केलं की तीच एन्व्हायर्नमेंट चालू करून टर्मिनल किंवा ज्युपिटर (ब्राउझरमधे कोड लिहायची नोटबुक) उघडून देतं. नवीन माणसाला ही गोष्ट सोन्यासारखी आहे, कारण त्याची निम्मी रडारड 'टाकलं तर आहे पण इम्पोर्ट होत नाही' हीच असते, आणि इथे दिसतं की बाबा तू टाकलं बेसमधे आणि नोटबुक चालवतोयस दुसऱ्यात. पॅकेजवर टिक मारून अप्लाय केलं की एक छोटी खिडकी येते, कोणकोणती पॅकेजं बदलणार, कोणतं व्हर्जन निघणार, कोणतं बसणार त्याची यादी. ती यादी वाचा. वर्गात मी हेच सांगतो आणि कोणी वाचत नाही, सरळ अप्लाय दाबतात. एक पॅकेज टाकायला गेलात आणि यादीत तीस नावं दिसली तर थांबायचं असतं.

काळ्या खिडकीत पण तीच यादी येते, येस का नो विचारते. फरक असा की तिथे तुम्ही काय टाइप केलं ते राहतं. मला तर हा सगळ्यात मोठा फरक वाटतो. भाच्याला मी फोनवर सांगायला लागलो, "एन्व्हायर्नमेंट्सवर जा, खाली क्रिएट दाब, नाव दे, पायथन निवड, मग वर चॅनल्स मधे जाऊन कोंडा-फोर्ज अ‍ॅड कर, मग इंडेक्स अपडेट कर, मग न टाकलेल्यांत शोध", तोपर्यंत त्याची रेंज गेली. (चॅनल म्हणजे पॅकेजं जिथून येतात ते नेटवरचं कोठार, कोंडा-फोर्ज त्यातलंच एक.) मग दोन ओळी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकल्या, त्याने कॉपी केल्या, झालं. क्लिक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येत नाही. सहा महिन्यांनी आपणच हे कसं केलं होतं म्हणून डोकं खाजवत बसतो तेव्हाही तेच.

नेव्हिगेटरमधे बॅकअपचं बटण आहे, ते एन्व्हायर्नमेंटमधल्या पॅकेजांच्या यादीची वायएएमएल फाइल काढून देतं आणि इम्पोर्टने ती दुसऱ्या लॅपटॉपवर परत बसवता येते, हे नाकारत नाही. पण सगळ्या बारकाव्यासकट काढलेली विंडोजवरची फाइल लिनक्सवर बहुतेक वेळा अडते, कारण तिच्यात त्या मशीनपुरते बिल्ड (तिच्यासाठी बांधलेल्या पॅकेजच्या प्रती) लिहिलेले असतात. कमांडने एक्सपोर्ट करताना 'फ्रॉम हिस्टरी' असा पर्याय जोडता येतो, मग तुम्ही स्वतः मागितलेली पॅकेजंच फाइलीत येतात आणि ती फाइल कुठेही चालायची शक्यता बरीच वाढते. ज्यांना कॉलेजच्या लिनक्स लॅबमधे आणि घरच्या विंडोजवर दोन्हीकडे काम आहे त्यांच्यासाठी एवढं एकच कारण पुरे.

डिस्क आणि नेटचं वेगळं बोलू, कारण आपल्याकडे निर्णय बऱ्याचदा तिथेच होतो. पूर्ण अ‍ॅनाकोंडाला कमीत कमी ५ जीबी जागा मागतात, मिनिकोंडाला ४०० एमबी. त्यामुळे सगळे म्हणतात मिनिकोंडा हलकं, तेच घ्या. हो, पण मिनिकोंडात पायथन, कोंडा आणि थोडं किरकोळ सोडून आत काहीच नसतं, नमपाय (आकडेमोडीचं पॅकेज), पांडाज, ज्युपिटर, सगळं नंतर नेटवरून ओढायचं. पूर्ण अ‍ॅनाकोंडाची फाइल जवळपास १ जीबीची असली तरी तिच्यात ३००च्या वर पॅकेजं आधीच भरलेली आहेत, म्हणजे भुसावळच्या मित्राकडच्या फायबरवर एकदा डाउनलोड करायची, पेनड्राइव्हवर घ्यायची आणि गावात जाऊन दहा पोरांच्या लॅपटॉपवर टाकायची, नेट नसलं तरी पहिल्या दिवशी ज्युपिटर उघडतं. मी सावद्याकडच्या एका गावात हे करेल आहे, हॉटस्पॉटवर दहा जणांचं मिनिकोंडा भरायला गेलो असतो तर अख्खा रविवार गेला असता. टाकताना विंडोजवर पॅकेज कॅश (पॅकेजांच्या फाइलींचा राखून ठेवलेला साठा) साफ करायची एक चौकट येते, तिच्यासमोर शिफारस असंही लिहिलेलं असतं. जागेची मारामार नसेल आणि नेटची असेल तर तिथे टिक लावू नका, कारण कॅश राहिली तर नवीन एन्व्हायर्नमेंट बनवताना तीच पॅकेजं परत ओढावी लागत नाहीत. आणि फोल्डरचा आकार बघून घाबरू नका, एकाच ड्राइव्हवर असेल तर कोंडा फाइल परत कॉपी करत नाही, हार्ड लिंक (त्याच फाइलीला दुसरं नाव) लावतं, विंडोज मात्र प्रत्येक फोल्डरमधे ती मोजून दाखवतं. एन्व्हायर्नमेंट डी ड्राइव्हवर आणि कॅश सी वर ठेवलीत तर मग खरंच कॉपी होते.

नेव्हिगेटर उघडायला वेळ घेतं हे खरंच आहे. एसएसडी आणि ८ जीबी रॅम असेल तर चालतं. जुनी फिरती हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम असेल तर ते उघडेपर्यंत चहा होतो, आणि ते उघडं ठेवून वर क्रोम आणि ज्युपिटर म्हणजे लॅपटॉप मे महिन्यातल्या जळगावसारखा तापतो. पूर्वी कोंडा स्वतःच 'सॉल्व्हिंग एन्व्हायर्नमेंट' म्हणत तासन् तास गोल फिरत बसायचं, ते दुखणं २०२३ मधल्या २३.१० व्हर्जनपासून बरंच गेलं, कारण आतला सॉल्व्हर, म्हणजे कोणतं व्हर्जन कोणाशी जुळतं ते ठरवणारा भाग, बदलला. ज्यांनी त्याआधी वैतागून कोंडा सोडलं त्यांनी परत एकदा बघायला हरकत नाही.

माझी एक चूक सांगतो म्हणजे बेसचा मुद्दा कळेल. २०२४ च्या जूनमधे नमपाय २ आलं. मी तेव्हा आळशीपणाने सगळं बेसमधेच टाकत होतो, अर्धं नेव्हिगेटरमधून, अर्धं पिपने (पायथनचं स्वतःचं पॅकेजं टाकणारं साधन). एका जिनिंगवाल्या मित्राला कापसाच्या भावाचे चार्ट दाखवायचे होते, आदल्या रात्री पिपने एक पॅकेज अपग्रेड केलं, त्याने बरोबर नमपाय २ आणलं, आणि सकाळी सगळं लाल. संदेश असा की नमपाय १ वर कंपाइल झालेलं मॉड्यूल नमपाय २ मधे चालणार नाही. बटणावर जाऊन बघतो तर बेस काढून टाकता येत नाही. कमांडमधे कोंडाची जुनी रिव्हिजन बघून मागे जाता येतं म्हणून तो प्रयोग केला, पण त्या वहीत कोंडाने केलेलेच बदल लिहिलेले, पिपने मागच्या दाराने काय आणलं त्याची नोंदच नाही. शेवटी सगळं काढून परत टाकलं. तेव्हापासून बेसला हात लावत नाही, आधी कोंडाने जे मिळतं ते टाकतो, उरलेलं शेवटी पिपने, आणि पिप झाल्यावर त्या एन्व्हायर्नमेंटमधे परत कोंडाने काही टाकत नाही, बिघडली तर पुसून नवी बनवतो. ही शिस्त नसेल तर बटण असो का कमांड, दोन्ही सारखंच रडवतात.

नोकरी करणाऱ्यांनी लायसन्सचं बघा. एकट्या शिकणाऱ्या माणसाला अ‍ॅनाकोंडा फुकट आहे, पण २०० पेक्षा जास्त माणसांच्या कंपनीत त्यांच्या अधिकृत चॅनलवरून पॅकेजं घ्यायला पैसे भरावे लागतात. पुण्याला नोकरीला लागलेली आपली बरीच पोरं कॉलेजच्या सवयीने ऑफिसच्या लॅपटॉपवर तेच टाकतात. तिथे मिनिफोर्ज घ्या, कमांडा त्याच, फक्त पॅकेजं कोंडा-फोर्जवरून येतात. सोबत नेव्हिगेटर येत नाही.

कोंडा लागतंच का? नुस्तं पांडाज किंवा वेबसाइटसाठी फ्लास्क, जँगो करणाऱ्याला नाही लागत. पायथनसोबत वेनव्ह फुकट येतं, आणि २०२४ मधे आलेलं यूव्ही तर इतकं झपाट्याने टाकतं की पहिल्यांदा वाटतं काहीतरी चुकलं, लागेल ते पायथनही स्वतःच आणतं. पण दोघांनाही चेहरा नाही. चेहरा हवा असेल तर व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमधला रस्ता आहे, कंट्रोल शिफ्ट पी दाबून क्रिएट एन्व्हायर्नमेंट म्हणायचं, वेनव्ह का कोंडा ते विचारतं, आणि फाइल उघडी असताना खाली पट्टीवर कोणतं पायथन चालू आहे ते दिसत राहतं. ज्यांच्याकडे व्हीएस कोड आहेच त्यांना नेव्हिगेटर वेगळं उघडायची गरज बहुतेक पडत नाही. शाळेतल्या पोरांना यातलं काहीच नको, एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठातून आलेलं थॉनी नावाचं साधं एडिटर द्या, त्याचं पायथन त्याच्यासोबतच येतं आणि मेनूत मॅनेज पॅकेजेस आहे. कोंडा जिथे खरंच उपयोगी पडतं ते नकाशांच्या कामात, कारण जीडॅल (नकाशांचा डेटा वाचणारी लायब्ररी) विंडोजवर थेट पिपने टाकायला गेलात तर सोर्सवरून बांधायला लागतं आणि कोंडा-फोर्जवरून ते तयार मिळतं. रावेर-यावलकडे सॅटेलाइटच्या फोटोवरून केळीचं क्षेत्र मोजायचा प्रोजेक्ट दर वर्षी कोणीतरी घेतंच, त्यांनी मुकाट्याने कोंडा घ्यावं.

तर कोणी काय घ्यावं. पहिल्या सेमिस्टरला आहात, एसएसडी आहे, नेट यथातथा आहे, तर पूर्ण अ‍ॅनाकोंडा नेव्हिगेटरसकट, आणि पहिल्याच दिवशी बेस सोडून एक वेगळी एन्व्हायर्नमेंट. लॅपटॉप जुना पण नेट बरं, तर मिनिकोंडा आणि काळी खिडकी, सात-आठ कमांडांत सगळं भागतं, वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. मिनिकोंडावर असून कधी चेहरा बघावासा वाटला तर नेव्हिगेटर नंतरही एका कमांडने वरून टाकता येतं, त्यासाठी सगळं काढायला नको. वेब करणारे असाल तर यूव्ही, ऑफिस मोठं असेल तर मिनिफोर्ज.

भाच्याला मी सांगितलं, काढू नको, पण पुढचा महिना पॅकेज टाकायचं ते टर्मिनलमधून टाक आणि टाकून झालं की नेव्हिगेटर उघडून बघ कुठे जाऊन बसलं ते. काल त्याचा मेसेज आला, "मामा, मी तर दोन महिन्यांपासून सगळं बेसमधेच टाकेल आहे, आता काय करू?"