बँकेचा भाडेपट्टा की दुकानदाराचा लिव्ह अँड लायसन्स? भाडेकरू असलेला गाळा घेण्यापूर्वी

दीड कोटी रुपयांच्या गाळ्याचे भाडे दरमहा ७५ हजार असेल, तर खर्च वजा करण्यापूर्वीचा परतावा वर्षाला ६ टक्के येतो. पुण्यात किंवा नाशिकमध्ये असे दोन गाळे समोर असतील, एकात बँकेची शाखा ९ वर्षांच्या नोंदणीकृत भाडेपट्ट्यावर आणि दुसऱ्यात औषधविक्रेता ३६ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स (जागा वापरण्याचा केवळ परवाना देणाऱ्या) करारावर असेल, तर आकडा सारखा असूनही त्यामागची हमी सारखी नसते.

बँक भाडे सहसा थकवत नाही, आणि स्ट्राँगरूमवर खर्च केलेली शाखा सहजासहजी हलत नाही. शिवाय महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे संरक्षण बँकांना आणि १ कोटी किंवा अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्यांना मिळत नाही. तरीही नावावर भुलण्यापूर्वी लॉक-इनचे, म्हणजे भाडेकरूला जागा सोडता येत नाही तो काळ ठरवणारे, कलम वाचावे. पट्टा ९ वर्षांचा, लॉक-इन पहिल्या ३ वर्षांचा आणि तोही संपलेला, अशी स्थिती असेल आणि त्यानंतर बँकेला ३ महिन्यांच्या नोटिशीवर जाण्याची मुभा असेल, तर मालक पूर्ण मुदतीला बांधलेला राहतो आणि त्याला खात्रीचे भाडे मात्र तीनच महिन्यांचे असते. विक्रेते जाहिरातीत उरलेली मुदत सांगतात. उरलेला लॉक-इन विचारावा लागतो.

औषधविक्रेत्याच्या करारात धोका निराळ्या जागी आहे. भाडेपट्ट्यातील मालकाचे हक्क मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार खरेदीदाराकडे येतात; परवान्याचे तसे नाही. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ५९ प्रमाणे जुन्या मालकाने दिलेला परवाना नव्या मालकावर आपोआप बंधनकारक नसतो. त्यामुळे दुकानदाराशी नवा करार खरेदीखताबरोबरच व्हावा, आणि त्याची अनामत रक्कम कोण परत करणार हे खरेदीखतात लिहून ती किमतीतून वळती करावी. करार नोंदवण्याची जबाबदारी भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर टाकली आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, जोवर ते खोटे ठरत नाही. मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकरणाकडून ताबा मिळवण्याची जलद सोय त्याच कायद्याच्या कलम २४ खाली राहत्या जागेपुरती आहे; गाळ्यासाठी दिवाणी वाट धरावी लागते, मुंबईत लघुवाद न्यायालयाची.

मुद्रांक शुल्कात परवाना स्वस्त पडतो. ६० महिन्यांपर्यंत, एकूण भाडे आणि अनामतीवर गृहीत धरलेले व्याज यांच्या ०.२५ टक्के. पाच ते दहा वर्षांच्या पट्ट्याला मात्र बाजारमूल्याच्या चौथ्या हिश्श्यावर खरेदीखताच्या दराने शुल्क लागते, आणि नूतनीकरणाचे कलम असल्यास ती वर्षेही मोजली जातात.

दोन्ही गाळ्यांत पहिली चौकशी शेजारच्या भाड्याची करावी. चालू भाडे आसपासच्या दरापेक्षा बरेच जास्त असेल, तर किंमत त्याच भाड्यावर फुगवलेली असते आणि भाडेकरू गेल्यावर दोन्ही उतरतात. भाडे प्रत्यक्ष येते का, हे विक्रेत्याच्या बँक खात्यावरून आणि भाड्यावर कापलेल्या कराच्या नोंदींवरून पडताळावे. भाडेकरू विक्रेत्याचाच नातलग निघाला, तर कागदावरचे भाडे विक्रीपुरतेच वाढवलेले असू शकते.

लॉक-इन संपलेल्या बँकेपेक्षा बाजारभावाने भाडे देणारा, त्याच जागी वर्षानुवर्षे टिकलेला औषधविक्रेता मी पसंत करेन. बँकेचा किमान चार वर्षांचा लॉक-इन शिल्लक असेल, भाडेवाढीचे टप्पे ठरलेले असतील आणि जाताना जागा पूर्ववत करून देण्याची अट असेल, तर त्या गाळ्यासाठी थोडी अधिक किंमत मोजायला हरकत नाही.