कल्पनाचित्रांच्या अभ्यासासाठी ईईजी की एफएमआरआय?

समोर नसलेली वस्तू मनात पाहताना मेंदूत काय घडते, याचा अभ्यास पुण्यात राहून करू पाहणाऱ्याला पहिला पेच साधनाचाच पडतो. खर्चाचा हिशेब सरळ आहे: डोक्यावरच्या इलेक्ट्रोडांनी मेंदूतले विद्युत संकेत टिपणारी ईईजीची टोपी विभागातल्या एका खोलीत मावते, तर चुंबकीय प्रतिमांतून मेंदूतल्या रक्तातले बदल टिपणाऱ्या एफएमआरआयच्या स्कॅनरसाठी रुग्णांची गर्दी ओसरल्यानंतरची वेळ मागून घ्यावी लागते. आदल्या रात्री खोबरेल तेल लावून आलेल्या डोक्यावर इलेक्ट्रोड नीट संपर्क धरत नाहीत हे खरे, पण तेवढे शाम्पूने निभते.

मला नडली ती गोष्ट वेगळी. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा डोळ्यांसमोर आणा, असे सांगितल्यावर एकीला तो तत्काळ दिसतो, दुसऱ्याला आधी बुरूज दिसतात आणि दारावरचे अणकुचीदार खिळे मागाहून. शिवाय त्याच व्यक्तीलाही दर खेपेस सारखा वेळ लागत नाही. पडद्यावरचे चित्र नेमके केव्हा उमटले हे संगणकाला ठाऊक असते, मनातल्या चित्राची तशी नोंद कुठेच नसते. ईईजीत एकेका खेपेचा संकेत इतका क्षीण असतो की अनेक खेपांची सरासरी काढावी लागते, आणि सुरुवातच मागेपुढे झाली की त्या सरासरीत हवे तेच पुसले जाते. चित्र दिसताच बटण दाबायला सांगावे, तर हाताच्या हालचालीचा संकेत त्यात मिसळतो. लहरींची केवळ ताकद मोजली तर अडचण सौम्य होते, हेही नोंदवले पाहिजे. प्रत्यक्ष पाहणे आणि कल्पिणे यांतले साम्य ८ ते १३ हर्ट्झच्या अल्फा लहरींत सापडल्याचे २०२० मध्ये ईईजीनेच दाखवले आहे. मात्र डोळे मिटताच याच लहरी उसळतात, त्यामुळे तेथेही जपूनच राहावे लागते.

एफएमआरआयमध्ये रक्तातल्या प्राणवायूशी निगडित प्रतिसाद शिखरावर पोहोचायला ५-६ सेकंद घेतो. एरवी दोष मानला जाणारा हा संथपणा येथे पथ्यावर पडतो, कारण अर्ध्याएक सेकंदाची मागेपुढे त्यात सामावून जाते. पाहतानाच्या नोंदींवरून प्रत्येक व्हॉक्सेलचे, म्हणजे मेंदूच्या प्रतिमेतल्या इवल्या घनाचे, गणिती प्रारूप बसवायचे आणि त्याच्या आधारे मनातले चित्र ओळखायचे, ही वाट थॉमस नासेलारिस व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवली. कल्पनेतला संकेत पाहण्यापेक्षा दुबळा असतो, तेव्हा फार स्पष्ट चित्राची अपेक्षा अर्थातच धरू नये.

घटनांचा क्रम हाच ज्यांचा प्रश्न आहे, त्यांनी ईईजीच घ्यावे. मनात काय दिसले हे ओळखायचे असेल, तर माझा कल स्कॅनरकडे राहील. वेळ मिळेपर्यंत २०२१ च्या नॅचरल सीन्स डेटासेट या एफएमआरआय नोंदसंचातील, चित्रे पाहणाऱ्या ८ व्यक्तींच्या खुल्या नोंदींवर प्रारूप बसवून ठेवता येते.