पहिली-दुसरीच्या वर्गात लॅपटॉप: जूनपासूनचा अनुभव

आमची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. माझ्याकडे पहिली आणि दुसरी. जूनमध्ये शाळेला वापरलेले पाच लॅपटॉप देणगीत मिळाले, तेव्हापासून मराठीच्या तासाला एकेका लॅपटॉपवर तीन-चार मुलं बसवतो. आता वर्ष संपत आलंय. मुलांना दाखवायला लॅपटॉप फारसा कामाचा नाही, त्यांच्याकडून लिहून घ्यायला मात्र फार कामाचा आहे, असं माझं ठाम मत झालंय.

अक्षरगाण्यांचे व्हिडिओ मुलांना प्रचंड आवडतात. सगळी गाणी तोंडपाठ झाली. पण त्यातलंच अक्षर सुटं कार्डावर दाखवलं की गप्प! चाल पाठ होते, अक्षर नाही. वाचून घेणारं एक ॲपही वापरलं. शांत खोलीत ते बरं चालतं, दोन वर्ग एकत्र असले की नाही. घरी 'पानी' म्हणणारा मुलगा 'पाणी' हा शब्द नीट ओळखतो, तरी ॲप त्याला चूक ठरवतं आणि तो पुढे वाचायलाच तयार होत नाही. हे मला मान्य नाही. ते ॲप बंद केलं.

टायपिंगचं मात्र वेगळं. इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारी पद्धत या वयाला नको, कारण इंग्रजी अक्षरं अजून कच्ची असतात. इनस्क्रिप्ट, म्हणजे कळांवर थेट देवनागरी अक्षरं असणारी मांडणी, घ्या आणि कळांवर मराठी स्टिकर लावा. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. क शिफ्टसह दाबला की ख, ग चा घ, त चा थ, द चा ध. ही जोडी मुलांनीच शोधून काढली.

खरी मजा जोडाक्षरांत. डी च्या कळीवर हलन्त आहे, आम्ही तिला 'पाय मोड' म्हणतो. 'सर्प' लिहा म्हटलं की वहीत रफार हमखास स च्या डोक्यावर जातो, कारण ऐकताना र हा प च्या आधी येतो आणि कागदावर प वर चढून बसतो. इथे स, र, पाय मोड, प असं उच्चाराच्या क्रमानेच दाबायचं. शेवटचा प दाबला की र मुलांच्या डोळ्यांदेखत वर जातो. दुसरीतली एक मुलगी ते पुसून पुसून पुन्हा करत होती. आता वहीत लिहितानाही ती पुटपुटते, "र, पाय मोड, प." 'सूर्य' आणि 'वाऱ्यावर' यांतला फरकही असाच कळला: दुसऱ्या शब्दाला शिफ्टसह इंग्रजी जे (J) ची कळ दाबून येणारा ऱ लागतो.

वळण मात्र यातून येत नाही. त्यासाठी पाटी-पेन्सिलच हवी. मुळाक्षरं हाताने गिरवून झाल्याशिवाय मी कुणालाही लॅपटॉपवर बसवत नाही.

फाँटकडे नक्की बघा. लॅपटॉपवर आधीपासून असलेल्या फाँटमध्ये श आणि ल हिंदी वळणाचे होते. बालभारतीच्या पुस्तकात पाकळीचा ल आणि देठाचा श, शासनाच्या २००९ च्या प्रमाण वर्णमालेतही तेच. नुकतं अक्षर ओळखू लागलेलं मूल इथे अडतं, त्याला ते वेगळंच अक्षर वाटतं. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा फाँट टाकला आणि प्रश्न मिटला.

वाचायला स्टोरीवीव्हर या गोष्टींच्या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी उतरवून ठेवल्यात, पातळीनुसार निवडता येतात, फुकट आहेत. पण मुलांना त्यांनी स्वतः टाइप केलेलं जास्त आवडतं. 'आमच्या म्हशीला रेडकू झालं' ही दुसरीतल्या मुलाची ओळ छापून लावली, पहिलीतली मुलं ती बोट ठेवून वाचतात.

रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावात २००७ मध्येच प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप देऊन पाहिला होता. पेरू देशात तर अशाच योजनेचा ३१९ ग्रामीण शाळांत अभ्यास झाला. २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, त्यात गणित आणि भाषेच्या गुणांवर परिणाम दिसला नाही. मला यात नवल वाटत नाही. शेजारी बसून "आता काय दाबशील?" विचारणारं कुणी नसेल तर मूल चित्रंच बघत बसणार. तीन-चार मुलांत एक यंत्र असलं की ती एकमेकांना अडवतात, सांगतात, भांडतात, आणि त्यात वाचन होतं.

शाळेला लॅपटॉप देणाऱ्यांना एवढीच विनंती: दोनच द्या, पण बॅटरी नवी टाकून द्या. आमचे सगळे वायर लावूनच चालतात आणि पावसाळ्यात वीज गेली की तास तिथेच थांबतो.