गायब झालेला पीसी: एसएमबी १ की डिस्कव्हरी सर्व्हिस?

विंडोज १० मध्ये ‘नेटवर्क’ उघडलं तर शेजारच्या टेबलावरचा पीसी दिसत नाही, पिंग केला तर मात्र लगेच ओ देतो. मग कुणीतरी सांगतंच, ‘एसएमबी १ चालू कर.’ एसएमबी १ म्हणजे नेटवर्कवर फाइल शेअर करण्याची जुनी पद्धत. त्याने पीसींची जुनी यादी परत येऊ शकते, पण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच भोकातून शिरला होता. त्यापेक्षा प्रत्येक पीसीवर नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा आणि ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही पीसीची ओळख नेटवर्कवर जाहीर करणारी सर्व्हिस ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. कंटाळवाणं काम आहे, दहा पीसी म्हणजे दहा फेऱ्या. तरी मी हेच करतो. एसएमबी १ फक्त जुना स्कॅनर अडून बसला तरच, तेही नाइलाजाने. आणि घाईच असेल तर ‘रन’मध्ये दोन बॅकस्लॅश टाकून पुढे त्या पीसीचा आयपी पत्ता लिहा.