पुण्याचा मोठा मेळावा की नांदेडची रविवारची बैठक?

मराठवाड्यात राहून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला किंवा व्हिडिओ करणाऱ्याला आपल्या कामातली माणसं भेटायची तर दोन वाटा आहेत. पुण्याच्या मोठ्या मेळाव्याला जायचं, नाहीतर गावातच दहा-वीस जण जमवून बसायचं. मी नांदेडला राहतो, आठवडाभर अॅप लिहितो आणि सुटीच्या दिवशी मराठीतून प्रोग्रॅमिंग शिकवणारे व्हिडिओ करतो. गेली चार वर्षं दोन्ही वाटांनी जाऊन पाहिलंय.

नुसत्या बातमीसाठी यातलं काहीच करायची गरज नाही, हे आधी सांगतो. गुगल आय/ओचं, म्हणजे प्रोग्रॅमरांसाठीच्या गुगलच्या वार्षिक मेळाव्याचं, मुख्य भाषण कॅलिफोर्नियात सकाळी दहाला सुरू होतं, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. जेवण उरकून ते नांदेडात बघा नाहीतर पुण्याच्या बाणेरात, कळतं एकाच वेळी. वर्डकॅम्प हा वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेसवाल्यांचा मेळावा, पायकॉन इंडिया पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा. वर्डकॅम्पमधली भाषणं वर्डप्रेस टीव्ही या साइटवर, पायकॉन इंडियाची यूट्यूबवर सापडतात. तेव्हा प्रवासखर्च करायचा तो माणसांसाठी.

आणि माणसांच्या बाबतीत पुण्याची सर आपल्याकडे कुठल्याच गावाला नाही. माझ्या अॅपमधून गुगलच्या सर्व्हरवर मोठा व्हिडिओ चढवताना मध्येच नेट तुटलं की सगळं पहिल्यापासून सुरू व्हायचं. दोन महिने डोकं खाल्लं होतं त्या गोष्टीनं. एका मेळाव्यात चहाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाला सहज विचारलं, तर त्यानं तिथंच लॅपटॉप उघडला. फाइलचे तुकडे करून पाठवायचे, शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा २५६ केबीच्या पटीत ठेवायचा, आणि नेट परत आलं की सर्व्हरलाच विचारायचं, कुठपर्यंत पोचलं? हे सगळं गुगलच्या कागदपत्रांत लिहिलेलं आहे. मी ते वाचलंही होतं. पण ज्यानं हे काम स्वतः केलंय त्याच्या तोंडून ऐकल्यावर दहा मिनिटांत डोक्यात शिरलं. नोकरीच्या ओळखीही तिथंच होतात. शेवटच्या वर्षाला असाल आणि पुण्यात काम शोधत असाल, तर एकदा तरी जाऊनच या.

माझं मन मात्र फिरवलं ते एका मेलनं.

पुण्याचे बरेचसे फुकट मेळावे नोंदणीवर चालत नाहीत, निवडीवर चालतात. नाव नोंदवायचं आणि जागा मिळाली की नाही ही मेल यायची वाट बघायची. शनिवारच्या कार्यक्रमाची मेल मला गुरुवारी संध्याकाळी आली, आणि हे एकदा नाही, तीनदा झालं. पुण्यात राहणाऱ्याला त्याचं काहीच वाटणार नाही, तो शनिवारी सकाळी गाडी काढून निघेल. नांदेडहून मात्र शुक्रवारची पनवेल गाडी धरावी लागते, ती लातूरवरून रात्रभर जाते. तिचं साधं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि मेल येईपर्यंत वेटिंग भरलेलं असतं. तत्काळ उघडतं आदल्या दिवशी, एसीचं दहाला, स्लीपरचं अकराला. म्हणजे गुरुवारी सकाळी. मेल संध्याकाळी! पहिल्या खेपेला ट्रॅव्हल्सनं गेलो, शुक्रवारच्या भावानं. दुसऱ्या खेपेला तिकीट आधीच काढून ठेवलं, तर मेल आली की यावेळी जागा नाही. तिकीट रद्द करून पैसे कापून घेतले. तिसऱ्या खेपेला मेल वाचली आणि फोन बाजूला ठेवला. आयोजकांचा यात वाईट हेतू नसतो. सगळे आपलं काम सांभाळून फुकट राबणारे लोक, हॉल लहान, नावं हजारभर. पण साडेचारशे किलोमीटरवरून येणारा माणूस त्यांच्या हिशेबात नाही, एवढं मला कळलं.

तिकीट विकत घेऊन जायच्या मेळाव्यांना ही अडचण नाही. वर्डकॅम्पचं तिकीट काढलं की जागा आपली, मग रेल्वेचं निवांत बघता येतं.

आता नांदेडची बैठक. महिन्याचा शेवटचा रविवार, एका शिकवणीचा रिकामा वर्ग, दुपारी चार. उणिवा आहेत, लपवत नाही. कधी पंधरा जण येतात, कधी चारच. बोलणारी तीच ती माणसं, आणि नव्या मुलांसाठी गिटची (कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनाची) उजळणी मी सहा वेळा तरी ऐकली असेल. अनुभवी माणूस हवा असेल तर निराशा होऊ शकते.

पण पुण्यात मला कधी न दिसलेली एक गोष्ट इथं आहे. गाव लहान म्हणून प्रोग्रॅमर आणि व्हिडिओवाले एकाच वर्गात बसतात. परभणीकडची एक ताई शेतातल्या कामाचे व्हिडिओ करते. तिला मराठी सबटायटल हवी होती. बोलणं ऐकून मजकूर लिहिणारं ओपनएआयचं व्हिस्पर २०२२ पासून मोफत मिळतं, आपल्या लॅपटॉपवरही चालतं, म्हणून आम्ही ते लावून पाहिलं. ताई म्हणते, ‘खुरपायला जायलो’, आणि पडद्यावर येतं ‘जाईल’. ‘कामून’चं, म्हणजे ‘का’चं, तर दर वेळी वेगळंच काही. व्हिस्परला सुरुवातीला नमुन्याचे शब्द देता येतात, पण त्यातले शेवटचे २२४ टोकनच, म्हणजे शब्दांचे छोटे तुकडेच, ते विचारात घेतं, आणि देवनागरी शब्द टोकन फार खातात. मग कुठले शब्द ठेवायचे यावर तासभर चर्चा रंगली. बीएस्सीची दोन पोरं, मी, ताई आणि तिची सासू. यादी शेवटी सासूबाईंनी केली. सबटायटल अजूनही निर्दोष नाहीत, पण माझ्या अंदाजानं दुरुस्तीचं काम निम्म्यावर आलंय. बदल्यात ताईनं मला माइक कॉलरवर कुठं लावायचा ते शिकवलं, आणि माझ्या व्हिडिओतली पंख्याची घरघर गेली.

आमच्या बोलीचा हा प्रश्न पुण्याच्या व्यासपीठावर कुणी घेतला असता का, सांगता येत नाही. कदाचित घेतलाही असता. पण सासूबाई तिथं नसत्या.

तुम्ही संभाजीनगरला असाल तर हिशेब थोडा बदलेल. तिथून पुण्याला एसटी दिवसभर मिळते, सकाळी निघून त्याच रात्री परतता येतं, मेल उशिरा आली तरी चालून जातं. लातूर, नांदेड, हिंगोलीवाल्यांनी मात्र वर्षाला एक मेळावा ठरवावा, तोही तिकिटाचा, आणि आरक्षण उघडल्या दिवशीच गाडी पक्की करावी. मी यंदा तेच केलंय. बाकीचे अकरा शेवटचे रविवार मी त्या शिकवणीच्या वर्गात असतो. येत्या वेळी कुणीतरी लाकडी घाण्याचं चित्रीकरण घेऊन येणार आहे, त्याचा कर्रकर्र आवाज बोलण्यापासून वेगळा कसा काढायचा ते बघायचंय.