सदाको: पुस्तक चांगलंच, पण ६४४ पाशी अडखळायला होतं

एलिनॉर कोअर यांचं ‘सदाको अँड द थाउजंड पेपर क्रेन्स’ (१९७७) मी लेकीला मराठीत सांगत सांगत वाचून दाखवलं. जेमतेम एका बैठकीचं पुस्तक. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा सदाको सासाकी दोन वर्षांची होती. पुढे शाळेच्या रिले संघात पळणारी ही चपळ पोर ल्युकेमियाने आजारी पडते आणि १९५५ च्या फेब्रुवारीत इस्पितळात दाखल होते. हजार कागदी क्रौंच पक्षी केले की माणूस बरा होतो, असं मैत्रीण सांगते आणि हिच्या घड्या सुरू होतात.

सगळ्यात आवडलं ते सुरुवातीचं लपवणं. पळताना चक्कर येते, पण पोरगी घरात ब्र काढत नाही, कारण संघातली जागा जाईल. मुलं अशीच वागतात. इस्पितळात भेटणारा केंजीही लक्षात राहतो. आपल्याला काय झालंय हे त्याला नीट ठाऊक असतं आणि तो ते आडपडदा न ठेवता बोलतो.

खटकलं ते वेगळंच. पुस्तकात सदाको ६४४ पक्षी करून जाते, उरलेले ३५६ वर्गमित्र पुरे करतात. लेकीने लगेच विचारलं, “मग तेवढे झाले असते तर वाचली असती?” विचारणारच! गोष्टच तिला तिकडे नेते. प्रत्यक्षात सदाकोचे हजार पक्षी ऑगस्टअखेरीलाच झाले होते, असं हिरोशिमाचं संग्रहालय आणि तिचा भाऊ मासाहिरो दोघंही सांगतात. बरं वाटत नव्हतं तरी ती थांबली नाही. औषधाच्या पुड्यांचे कागदसुद्धा तिने सोडले नाहीत. काही पक्षी तर इतके चिमुकले की सुईच्या टोकाने घड्या घालायच्या. २५ ऑक्टोबरला ती गेली. हजार झाले, गुण आला नाही, तरी हात चालूच. ही गोष्ट मुलांना पेलली असती. लेखिकेने उगाच हात आखडता घेतला. मी लेकीला खरं काय ते सांगितलं, तर तिचा पुढचा प्रश्न, “मग नंतरचे कशासाठी केले?” यावर आम्ही पुस्तकापेक्षा जास्त वेळ बोललो.

शेवटाकडे किमोनोचा प्रसंग आहे, तिथे मोठ्यांचाच आवाज बसतो, तेव्हा आधी एकट्याने वाचून घ्या. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना द्यायला हरकत नाही. फक्त ६४४ वर पुस्तक मिटू नका.