डुकराच्या केसांचा ब्रश: कोरडाच झाडायचा की पाण्याने धुवायचा?

डुकराच्या केसांचा नवा ब्रश महिनाभर वापरला की ब्रशच्या केसांच्या मुळाशी करडा कापूस साचू लागतो. त्यात टाळूची मेलेली कातडी असते, तेल, धूळ, कपड्यांचे तंतू असतात, आणि हे सगळं गळलेल्या केसांत गुरफटलेलं असतं. माणसाचे दिवसाला ५० ते १०० केस सहज गळतात, तेव्हा यात घाबरण्यासारखं काही नाही. प्रश्न एवढाच की हे काढायचं कसं. काही जण या ब्रशला पाणी लागूच देत नाहीत, तर काही जण त्याला शाम्पूच्या फेसात आंघोळ घालतात. मी दोन्ही करून पाहिलं आणि त्यात एक ब्रश घालवलाही.

ब्रशचे हे केस केराटिनचे असतात, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसांचंच द्रव्य. अंगावर बारीक खवले, टोकाला फाटे. त्यामुळेच ते टाळूचं तेल टिपतात आणि शेंड्यांपर्यंत नेऊन पसरवतात. गुळगुळीत नायलॉनला हे तितकंसं जमत नाही. पण जो ब्रश तेल टिपतो तो मळतोही लवकर. एकदा तो तेलाने माखला की नुकत्याच धुतलेल्या केसांना गेल्या आठवड्याचं तेल परत लावत बसतो.

कोरड्या सफाईला लागतो फक्त शेपटीचा, म्हणजे लांब टोकदार दांडीचा कंगवा. त्याची शेपटी ओळींच्या मधून घालायची आणि गुंता कडेपासून अलगद वर उचलायचा. जाळं फार घट्ट बसलं असेल तर ओळींच्या मधून कात्रीने फक्त गळलेले केस कापले की ते तुकड्यातुकड्यांनी निघतं. मग जुन्या टूथब्रशने मुळाशी झाडायचं. दोन मिनिटांचं काम, लाकडाला आणि केस जिच्यात बसवलेले असतात त्या रबरी गादीला कसलाही धोका नाही. धोका आपल्या हाताचाच असतो: धातूच्या कंगव्याने ओढाताण केली तर झुबकेच उपटून येतात. या पद्धतीने तेल मात्र निघत नाही, स्प्रेचा चिकटा तर नाहीच. ब्रशचे केस बोटांत चोळले आणि बोटं मेणचट झाली, तर आता झाडून भागणार नाही असं समजायचं.

मग पाणी. कोमट, गरम नव्हे. त्यात शाम्पूचे दोन-चार थेंब टाकायचे आणि ब्रश उपडा धरून फक्त केस बुडतील एवढाच खाली न्यायचा, हलवायचा, बाहेर काढायचा. साध्या पाण्यातही तसंच. नंतर झटकून टॉवेलवर उपडाच ठेवायचा. उताणा ठेवला तर पाणी केसांच्या मुळाशी उतरतं. वाळायला एक रात्र लागते, दाट ब्रशला पूर्ण दिवस. ओले झालेले हे केस मऊ पडतात, म्हणून अर्धवट वाळलेल्या ब्रशने विंचरू नका, ते वाकतात. हेअर ड्रायर आणि कडक ऊन दोन्ही टाळा. उन्हाने लाकूड तडकतं, रबर कडक होतं.

खरा फरक पाडते ती गादी. हवेच्या रबरी गादीचा ब्रश लंडनच्या मेसन पिअर्सन यांनी १८८५ मध्ये आणला, आणि आजही अनेक ब्रशांची रचना तीच आहे. गादी दाबली की हवा आत-बाहेर करायला तिला एक बारीक भोक असतं, आणि पाणी तिथूनच शिरतं. माझा ब्रश मी आळसापोटी रात्रभर मगमध्ये उभा करून ठेवला होता. सकाळी केस अगदी स्वच्छ होते. पण आठवड्याभरात गादीतून कुबट वास यायला लागला आणि दाबली की आतून पाण्याचा थेंब यायचा. तो वास शेवटपर्यंत गेला नाही. म्हणून गादीचा ब्रश धुताना भोकावर बोट ठेवा किंवा त्यात काडी खोचा, आणि भिजत तर कधीच घालू नका. थेट लाकडात केस बसवलेल्या ब्रशला ही भानगड नसते, पण लाकूड फुगतं आणि पॉलिशला चिरा जातात, तेव्हा तोही बुडवायचा नाहीच.

खाण्याच्या सोड्याबद्दल विचाराल, तर मी तो वापरत नाही. तो अल्कधर्मी आहे आणि केराटिनला अल्क मानवत नाही. व्हिनेगरने साबणाचा थर निघतो, पण तेलासाठी शाम्पूच बरा. तो मुळात केसांसाठीच बनवलेला असतो.

एका बाबतीत मात्र नायलॉन सरळ जिंकतो: घरात उवा झाल्या असतील तेव्हा. ब्रश ५४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ५ ते १० मिनिटं बुडवायला सांगतात. प्लॅस्टिकच्या ब्रशला ते चालतं, याला नाही. हा ब्रश पिशवीत घट्ट बंद करून दोन आठवडे बाजूला ठेवावा लागतो.

आता निवड. टाळू कोरडी असेल आणि केसांना काही लावत नसाल, तर दर आठवड्याला कोरडी झाड पुरते. पाणी दोन-तीन महिन्यांतून एकदा. केस तेलकट असतील किंवा स्प्रे, जेल वापरत असाल, तर झाडणं तेवढंच, पण धुणं महिन्याला. गादीचा ब्रश असेल तर शंका आली की कोरड्याच्या बाजूने जा. नायलॉन आणि नैसर्गिक केस मिसळलेला ब्रश असेल तर त्यालाही नैसर्गिकच समजा, कारण जपायचं ते त्यातल्या नाजूक भागाला. आणि एक दिवस ब्रशविना काढणं जमणारच नसेल, तर दोन ब्रश ठेवा किंवा सरळ नायलॉनचा घ्या.

साफ करायला सोपा ब्रश हवा, हे दुखणं जुनंच आहे. न्यूयॉर्कच्या लायडा न्यूमन यांनी १८९८ मध्ये पेटंट घेतलेल्या ब्रशची पाठ उघडून आतला मळ काढता यायचा. माझ्या ब्रशची पाठ उघडत नाही, म्हणून शेपटीचा कंगवा त्याच्याच शेजारी ठेवते.